तांदुल्याच्या बांधावर

फकिरा मेश्राम भंडाऱ्याहून भिलाईत आला तो ड्रायव्हरचं लायसन घेऊन. कारखाना तेव्हा अर्धाच उभा होता. १९५९ मध्ये त्याची जीप नंदिनीच्या रस्त्यावर खड्ड्यात गेली. स्टिअरिंगवर होते इंजिनियर आनंदराव. हौसेनं चालवायला शिकत होते. रिपोर्टात मात्र नाव लागलं फकिराचं. दोन वर्षं त्यानं गॅरेजात गाड्या धुतल्या. बराकीतले लोक हाक मारत, "का हो खड्डेवाले, चहा घेता का?" पुढे जीप परत मिळाली, पण शेरा राहिला. डंपर चालवायची बढती दर वेळी दुसऱ्याला गेली.

"सोडा ना आता," बायको पंचफुला म्हणायची.

"मी वाट पाहून राहिलो," तो म्हणायचा.

१९६२ च्या जानेवारीत एका रविवारी आनंदरावांनी आपल्या मोठ्या साहेबांना फिरायला नेलं. मरोद्याचं तळं, शिवनाथचा काठ, मग बालोदच्या टेकड्यांकडे तांदुला धरण. पाण्यावर बदकं उतरली होती. मोठे साहेब खूश होते. बांधाच्या तोंडाशी आनंदराव म्हणाले, "फकिरा, मागे बस. इथून मी घेतो."

"घ्या ना साहेब. तुमच्या हातात चांगली चालते."

बांधाच्या पलीकडच्या टोकाचं फाटक रविवारी बंद असतं, हे फकिराला माहीत होतं. आनंदरावांना रिव्हर्स जमत नाही, हेही.

फाटकापाशी जीप थांबली. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खोल उतार. वळवायला जागा नाही. आनंदरावांनी दोनदा मागे घेतली, दोनदा चाक कडेवर गेलं. दगड घरंगळले. मोठे साहेब खाली उतरले.

"फकिरा, घे तू," आनंदराव म्हणाले.

"मी कावून? माह्या हातून गाडी खड्ड्यात जाते. रिपोर्टात तसंच लिहून हाय."

"आत्ता चेष्टा नको."

"चेष्टा नाही साहेब. खाली तुमचीच सही हाय."

"कौनसा रिपोर्ट?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

फकिरानं विडी पेटवली, साहेबांसमोर पहिल्यांदाच. ती अर्धी झाल्यावर आनंदराव बोलले, "सर, नंदिनी में गाडी मैं चला रहा था. इसका कसूर नहीं था."

"कल लिखकर दीजिए," मोठे साहेब म्हणाले.

फकिरा स्टिअरिंगवर बसला. नुसत्या आरशावर तो जीप मागे नेऊ शकला असता.

"मागचं दिसून नाही राहिलं," तो म्हणाला. "साहेब, तुम्ही मागे चाला. हात दाखवा."

हे काम क्लीनरचं. आनंदराव उतरले. "आने दो, आने दो" ओरडत ते धुळीतून पाऊण मैल उलटे चालले. फकिरानं दोनदा गाडी थांबवली.

"ऐकू नाही आलं साहेब," तो म्हणाला. "जरा जोरात."