कराचं दुसरं टोक

आप्पांना खुर्चीसकट उचलून गाडीत बसवलं, तेव्हा त्यांचा जुना दोस्त गिरमलमामा दारातच उभा राहिला. बाजूला होईना. गाडी कामोठ्याहून आणलेली, ड्रायव्हरला घाई. पक्षाघातानं आप्पांची उजवी बाजू गेली होती, शब्द अर्धे तोंडातच राहायचे. मामाचं एकच चाललेलं, "बेंदराला येतोस का न्हाई, तेवढं सांग. दुसरं टोक कोण धरणार गा?" आप्पांनी डावा हात हलवला. तो होकार होता की राम राम, ते ना मला कळलं ना मामाला.

मी आधीपासूनच कामोठ्यात राहत होते, कळंबोलीच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात नोकरी. गावी माझे वडील, आप्पा, एकटे, म्हणून त्यांना इकडे आणलं. गाव सोडून बाहेर पडलेल्यांनो, हे तुम्हाला नव्यानं सांगायला नको. पण गावात राहिलेल्या पोरांनो, तुम्ही नीट वाचा. हे तुमच्यासाठी लिहितेय आणि गोड बोलायला लिहीत नाहीये.

आपलं गाव कर्नाटकात, अर्धी घरं मराठी, अर्धी कानडी. आप्पांनी उभं आयुष्य सीमाभागासाठी पत्रकं लिहिली. मी अक्षरं त्या पत्रकांवरच गिरवली. आप्पांना पकडून नेलं की लॉकअपमध्ये भाकरी घेऊन जाणारा माणूस कोण? कानडी बोलणारा गिरमल. गजाआडून आप्पा विचारायचे, "ज्वारी कुठल्या राज्यातली?" मामा म्हणायचा, "उपाशी माणसाला राज्य नसतंय, खा गप." घरी आले की आप्पा मला सांगायचे, "भांडण सरकारशी हाय बाळ, गिरमल्याशी न्हाई."

आणि बेंदूर, बैलांचा सण, ज्येष्ठी पुनवेला. त्याच्या आदल्या दिवशी हे दोघं कराचं चऱ्हाट वळायचे. अंबाडीचा वाख, म्हणजे सालीचे धागे, भिजवून एक टोक मराठी घराच्या हातात, दुसरं कानडी घराच्या. दोघांनी समोरासमोर उभं राहून उलटसुलट पीळ द्यायचा. एकानं हात ढिला सोडला की सगळं गुंतून बसायचं. मग त्यात पिंपळाची पानं खोवून ते वेशीवर आडवं बांधायचं. मानाची बैलजोडी खालून धावत गेली की काठीनं ते खाली पाडायचं. त्याला कर तोडणं म्हणतात. पांढरा बैल पुढं निघाला तर ज्वारी पिकणार, तांबडा निघाला तर गहू. आप्पा आणि मामा यावरूनही भांडायचे. भाषेवरून मात्र कधी नाही.

आप्पा इकडे आले आणि तुम्ही काय केलंत? गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज पडला, यंदापासून कर दोन. कानडी बेंदूर ज्येष्ठात, त्यांचा कर त्यांनी बांधायचा. आपला बेंदूर आषाढात, आपला कर आपण. खाली अंगठेच अंगठे. आणि दोर कसला, तर निपाणीच्या बाजारातला निळा नायलॉन. वळायला नको, दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायला नको.

मी पत्रक लिहिलं. "एक वेस, एक कर." छापून गठ्ठा एसटीनं पाठवला. उत्तर एकच आलं, "ताई, तू मुंबईत राहून शहाणपण शिकवू नको." मुंबईत नाही रे बाबा, कामोठ्यात. पण ते असो.

मग बेंदराच्या तोंडावर सुट्टी टाकून स्वतःच गेले. मामा वाख भिजवून अंगणात बसलेला. मला बघून म्हणाला, "बा मगळे, ये." लेकीला हाक मारतात तशी. मी आप्पांच्या जागी उभी राहिले. पारावरून कुणीतरी टोमणा मारला, "बाईमाणसानं कर वळायचा व्हय?" मामानं मान वर केली नाही. "तुझ्या आईनं जलमभर बैलाची दावी वळली, तवा कुटं गेलतास?"

हात सोलपटले, पण चऱ्हाट झालं. दुसऱ्या दिवशी पिंपळाची पानं खोवून आम्ही ते घेऊन वेशीत गेलो. तिथं निळा नायलॉन आधीच ताणून बांधलेला. आमचं चऱ्हाट कुणी हिसकावलं नाही, कुणी शिवी दिली नाही. कानडी पोरं म्हणाली, यात मराठीचा हात लागलाय. मराठी पोरं म्हणाली, आपला बेंदूर आषाढात, आत्ता आपला काय संबंध? मामा दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिला. मग पानं काढून बैलांपुढं टाकली आणि चऱ्हाटाचं वेटोळं माझ्या हातात दिलं. "घेऊन जा. हितं आता ह्याला कोण न्हाई." गावात एवढं म्हातारं कुणी रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

कामोठ्यात आणून आप्पांच्या मांडीवर ठेवलं. डाव्या हातानं चाचपत चाचपत एका टोकापाशी थांबले. "तुझ्या बाजूचा... सैल," म्हणाले. आणि मग चऱ्हाट उशाशी ठेवून भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. चहाही घेतला नाही.

फिजिओवाल्या मॅडमनी सांगितलं होतं, पलंगाच्या पायथ्याला दोरी बांधा, ओढून उठायला सोपं जाईल. माझ्याकडे दुसरी दोरी नव्हती. आता सकाळी सोसायटीत पाणी यायच्या वेळी पलंग करकरतो. आप्पा ते चऱ्हाट धरून स्वतःला वर ओढत असतात. मदतीला गेलं तर डोळे वटारतात.

लोक विचारतात, आता गावी घर आहे का? भिंती आहेत, कुलूप आहे. ज्या वेशीतून आत शिरले की मी घरी आले असं वाटायचं, ती आता दोन झालीय, आणि दोन्हींत मी पाहुणी.

रविवारी मामाचा फोन येतो. मी स्पीकरवर टाकते. तब्येत वगैरे काही नाही, पलीकडून एकच प्रश्न, "टोक धरलास का गा?"

"धर... लंय," आप्पा म्हणतात, आणि खरंच धरलेलं असतं. दुसरं टोक लोखंडी पलंगाला बांधलेलं आहे, हे त्यांनी मामाला अजून सांगितलेलं नाही.