शॉर्टनिंग म्हणजे आखूड

वहिनीचा अर्धा जन्म शिवणकामात गेला. पँट्स आखूड करायच्या, बाह्या उसवायच्या, काजं-बटणं करायची. मग शिवणाचा कारखाना बंद पडला आणि नणंदेनं तिला ती स्वतः काम करायची त्या बिस्किटांच्या कारखान्यात चिकटवलं. त्यासाठी नणंदेनं तिथलं काम बघणाऱ्या मिस्त्रींना धडधडीत खोटं सांगितलं होतं, की वहिनीला या कामाचा चांगला हात आहे.

"काही अडलं तरी विचारत बसू नकोस," तिनं बजावलं. "तोंड उघडलंस की दोघीही घरी."

त्यामुळे पहिल्या दिवशी वहिनी कामावर गेली तीच जीव मुठीत धरून. मैदा यंत्रात पडला तसे मिस्त्री म्हणाले, "शॉर्टनिंगचं तुम्ही बघा," आणि भट्टीकडे निघून गेले.

शॉर्ट म्हणजे आखूड, एवढं वहिनीला ठाऊक होतं. पण आखूड करायचं काय? शेजारी पांढऱ्या घट्ट तुपाचा डबा होता, त्याकडे तिचं लक्षही गेलं नाही. पीठ मळून, लाटून झाल्यावर तिनं त्याच्या लांब पट्ट्या घेतल्या आणि बोटांनी माप धरून एकेक नीट आखूड कापली.

दुपारी बिस्किटं भट्टीतून बाहेर आली. मिस्त्रींनी एक दाताखाली धरलं, मग टेबलावर आपटलं. ते तुटलं नाही.

"हे पीठ कुणाचं?"

पलीकडे खोकी भरणाऱ्या नणंदेचा चेहरा पांढराफटक पडला. वहिनीला दोष यंत्रावर ढकलता आला असता.

"माझं. शॉर्टनिंग म्हणजे काय ते मला माहीत नाही. मी पट्ट्या आखूड केल्या."

कोणीतरी फिसकन हसलं. मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी तिच्या पिठाचा गोळा ओढला, तो इलॅस्टिकसारखा ताणत गेला. मग डब्यातलं तूप थोड्या मैद्यात चोळून, पाण्याचा हात लावून दुसरा गोळा केला. तो ओढताच तुटला.

"मैद्यात पाणी पडलं की लांब धागे धरतात. हे तूप मध्ये शिरतं आणि त्यांना आखूड ठेवतं, म्हणून बिस्किट खुसखुशीत होतं. म्हणून याचं नाव शॉर्टनिंग." मग त्यांनी आधी तिच्याकडे, नंतर नणंदेकडे पाहिलं. "उद्या बोलू."

घरी जाताना नणंद म्हणाली, "माझं नाव घ्यायचं नव्हतंस."

"घेतलं नाही, वन्सं."

"घ्यायची गरज होती का? मिस्त्रींना कळायचं ते कळलंच."

सकाळी वहिनी फाटकाशी येऊन उभी राहिली. पहारेकऱ्यानं अडवलं नाही. मिस्त्रींनी मालकांना काही सांगितलंच नव्हतं. त्यांनी तिला पिठावरच ठेवलं, पण स्वतःच्या डोळ्यांसमोर.

नणंद बरेच दिवस तिच्याशी धड बोलली नाही. वहिनी मात्र त्याच कारखान्यात म्हातारी झाली. एखादा नवा शब्द कानावर आला की तिच्या छातीत अजून धस्स व्हायचं. हात पुसत ती मिस्त्रींकडे जायची आणि विचारायची.