शेवाळाचं पाणी आणि आईंचा अंबाडा

क्लोनडॉकिनमधल्या आमच्या घरून निघालो तेव्हा आईंच्या मांडीवर धपाट्यांचा डबा होता. मागच्या सीटवर टॉवेल, साबण, वजरी आणि मी नको नको म्हणत असताना घेतलेला घरचा तांब्या. "तिथं तांब्या न्हाई मिळाला तर?" असं म्हणत तो आईंनी स्वतःच गाडीत ठेवला होता.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, कराडच्या. २०२०च्या सुरुवातीला पाहुण्यासारख्या चार दिवस राहायला आल्या आणि लॉकडाऊनमध्ये अडकल्या. आता २०२१चा उन्हाळा लागला, विमानं सुरू झाली, पण मधल्या काळात त्यांचा उजवा खांदा आखडला. हात कानाच्या वर जाईना. रोज सकाळी त्यांचे केस विंचरून अंबाडा मी घालायचे आणि त्या आरशात बघून रोज म्हणायच्या, "वाकडाच घातलास." माझ्या नवऱ्यानं, संदीपनं, एकदाचं सांगून टाकलं, "स्वतःचा अंबाडा स्वतः घालता आला की तिकीट काढतो. तोवर कराडला एकटीनं राहायचं नाव काढू नकोस." झालं, आई हट्टाला पेटल्या. फिजिओनं सांगितल्याप्रमाणे किचनमधल्या प्रेसवर (इथे कपाटाला प्रेस म्हणतात) बोटं चढवत हात वर न्यायच्या आणि दर वेळी त्याच कडीशी अडायच्या.

कामावरच्या एका मैत्रिणीनं देशाच्या दुसऱ्या टोकाला, स्लायगोच्या किनाऱ्यावरच्या जुन्या स्नानगृहाचं नाव काढलं. समुद्राचं पाणी तापवून त्यात ताजं शेवाळ घालतात, आखडलेली माणसं मोकळी होतात म्हणे. आईंसमोर मी शेवाळाचा शब्दही काढला नाही. काढला असता तर त्या गाडीतच बसल्या नसत्या. "गरम पाण्याचं कुंड आहे, वज्रेश्वरीसारखं," एवढंच सांगितलं. इथेच माशी शिंकली.

मोटरवे संपला आणि रस्ता दगडी गडग्यांमधून अंग चोरत जाऊ लागला. पाच मिनिटं ऊन, पाच मिनिटं पाऊस. कुरणात पाठीवर निळे-लाल पट्टे मारलेल्या मेंढ्या. खुणेसाठी मारतात ते.

"ह्यांच्यासंगं रंगपंचमी कोण खेळलं गं?" आईंनी विचारलं.

समुद्र दिसल्यावर भिंतीवर बसून धपाटे काढले. एका समुद्रपक्ष्यानं माझ्या हातातला अर्धा पळवला. "जाऊ दे, त्येलाबी भूक असंल," म्हणून आईंनी मला दुसरा दिला. त्यांचा मूड चांगला होता.

स्नानगृह पाण्याच्या अगदी काठाला, पिवळ्या रंगाचं, बसकं, आजोबा-पणजोबांच्या काळातलं. दारातच खारट, उग्र वास. मालकीण नोरीन साठीची असावी. मास्कमागून तिनं मला सगळं समजावलं: शेवाळ सकाळीच खडकांवरून कापून आणलंय, साबण लावू नका, निवांत पडून राहा. यातलं आईंपर्यंत मी पोचवलं ते एवढंच, "आत टब भरलेला आहे. बसा." आणि त्यांना शेजारच्या खोलीत सोडलं.

माझ्या खोलीत म्हैस मावेल एवढा पांढरा टब, पितळी नळ आणि कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी. त्यात शेवाळाच्या लांबच लांब पट्ट्या. पाय घालताना मी "शी" म्हटलं. मग ते तेलासारखं पाणी अंगावरून सरकलं आणि औषधांच्या प्लांटमध्ये वर्षभर मास्क लावून केलेल्या शिफ्टा निघून गेल्यासारखं वाटलं. भिंतीपलीकडून खसाखसा घासल्याचा आवाज येत होता. नोरीन किती स्वच्छता ठेवते, म्हणून मला कौतुक वाटलं.

बाहेर आले तर नोरीन आईंच्या दाराशी उभी. "आतला नळ थांबतच नाहीये," ती म्हणाली. मी दार वाजवलं.

आई पदर खोचून, घामाघूम, हातात ब्रश. टब काचेसारखा लखलखीत. कोपऱ्यात शेवाळाचा ढीग.

"आगं, आधीची बाई घाण पाणी तसंच टाकून गेलीया. काळं, पालापाचोळा पडलेला. सगळं सोडून दिलं मी. हितं माणसं आंगूळ करत्यात का म्हसरं?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. नोरीनला खरं सांगितलं तर ती दार धरून हसायला लागली. "हा टब इतका पांढरा मी जन्मात पाहिला नाही. तुझी सासू ग्रँड आहे, तिला इथेच ठेवून जा."

मी आईंना ते सांगितलं. "सांग तिला, मला कराडला जायाचंय," आई म्हणाल्या.

तेवढ्यात माझं लक्ष गेलं. आंघोळीला जायचं म्हणून सकाळी मी त्यांची नुसती वेणी घातली होती. आता डोक्यावर घट्ट अंबाडा होता.

"आई, हा कुणी घातला?"

"कुणी म्हंजे? घासताना वेणी फुडं येत हुती, म्हून..."

त्या थांबल्या. टबाच्या काठावर बसल्या आणि अंबाडा सोडला. मग उजवा हात उचलला. कानापाशी तो अडला, त्यांनी ओठ आवळले, आणि हात वर गेला. अंबाडा वाकडा झाला, पण झाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

वाफ, घासण्याचा जोर, की प्रेसवर चढवलेली बोटं, श्रेय कुणाचं कोण जाणे. आमच्या क्वालिटी डिपार्टमेंटनं असला रिपोर्ट पास केला नसता. नोरीननं टब पुन्हा भरला, शेवाळासकट, आणि आई त्यात गळ्यापर्यंत बुडून राहिल्या.

परतताना त्यांनी मला संदीपला फोन लावायला लावला. "तिकीट काढ."

"बघू, आई."

"बघू न्हाई. शब्द दिलाईस."

मी हसले. पण वाटेवरचं लाँगफर्ड गाव मागे पडलं तसा मला आनंद होईनासा झाला. हात बरा व्हावा म्हणून एवढी धडपड केली, आणि हात बरा झाला की आई जाणार, हे काही मनात आलं नव्हतं. घर कसं वाटेल त्यांच्याशिवाय, तेच डोक्यात फिरत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं कंगवा घेऊन त्यांच्या खोलीत गेले. अंबाडा घालून झाला होता, मी घालायची त्यापेक्षा सरळ. मी मागे वळले.

"कुठं निघालीस? बस खाली."

सलून बंद राहिल्यानं माझे केस खांद्याखाली उतरले होते. आईंनी तळव्यावर तेल घेतलं. त्यांना हात फार वर न्यायला लागू नये म्हणून मी मान खाली घातली, तर डोक्यात टपली बसली.

"ताठ बस. पोचतोय आता माझा हात."