पहिला घोट गंगेचा

माझ्याच नवसापायी माझा नातू माझ्या मांडीवर गार पडत होता आणि मला ते कळत नव्हतं. देवाधर्माचं मला लय वेड, त्यात स्वभाव तिखट. कुणी शिकवलेलं खपायचं नाही. लेक सुमन हिला लग्नानंतर सात वर्षं मूल नव्हतं. तेव्हा गंगाखेडला गोदावरीच्या पाण्यात उभं राहून मी बोलले होते, "गंगामाई, लेकरू दे. त्याच्या जिभेवर पहिला घोट तुझाच पडंल. त्याच्या आधी कायबी न्हाई."

सुमन बाळंतपणाला आमच्याकडे, परभणीकडच्या पेडगावाजवळच्या खेड्यात आली. पहाटे मुलगा झाला. आमचे मालक गंगेचं पाणी आणायला तांब्या घेऊन तसेच गंगाखेडला निघाले, दुपारपर्यंत येतो म्हणाले. तसंही आमच्याकडे पहिलं दूध वाईट मानायचे, तिसऱ्या दिवशी लेकरू अंगावर घ्यायचे. सुमनचा पिवळा चीक मी वाटीत पिळून परसात ओतला. "आई, त्येला भूक लागली असंल गं," ती म्हणाली. मी डाफरले, "सात वर्सं दम धरलास, आता एक दुपार धरवंना व्हय?"

सकाळी लेकरू तोंड फिरवून शोधत होतं, मुठी चोखत होतं. मग रडायचंच थांबलं. शेजारणी म्हणाल्या, लय गुणी हाय. मलाही कौतुक वाटलं, काय सांगू! दुपार कलली. विद्यापीठाच्या नामांतरावरून त्या दिवशी बंद होता, गाड्या अडकल्या होत्या, मालकांचा पत्ता नव्हता. लेकराचे हात बारीक थरथरू लागले, पाय गार झाले, हलवलं तरी डोळा उघडेना. मी मीठमोहऱ्या ओवाळत बसले. सुमन मात्र बाजेवरून उठली, पोर उचललं आणि उंबऱ्याबाहेर पडली. ओली बाळंतीण! मी ओरडत मागं धावले.

रस्त्यावर यष्टी नव्हतीच. ऊसतोडीला निघालेल्या माणसांचा एक ट्रक बंद असूनही परभणीकडे चालला होता, त्यांनी आम्हाला वर घेतलं. भांड्याकुंड्यांच्या गर्दीत एक बाई आपल्या तान्हीला पाजत बसली होती. तिनं आमच्या बाळाच्या तळपायाला हात लावला आणि दचकलीच.

"मावशी, काय पाजलंय ह्येला?"

"काहीच न्हाई. नवस हाय."

"आन् चीक?"

"टाकला."

तिनं आपली तान्ही शेजारणीकडं दिली. "तुमची म्हैस व्यायल्यावर चीक टाकता का वो? वड्या करून गल्लीत वाटता. आन् लेकीचा परसात ओतला?"

आदल्याच महिन्यात मी चिकाच्या वड्या घरोघर दिल्या होत्या. म्हशीच्या रेडकालाही पोटभर पाजलं होतं. आणि माझ्या सुमनचं लेकरू? अगं बाई, मी काय करून बसले!

बाईनं मला विचारलंच नाही. दुपट्यातून काढून बाळ सुमनच्या उघड्या छातीशी धरलं, वरून आपली गोधडी घातली. डब्याच्या झाकणात चीक पिळायला लावला आणि थेंब थेंब बोटानं त्याच्या ओठाला लावू लागली. नवस मोडत होता. माझा हात अडवायला पुढं झाला, आणि तसाच खाली आला. मनात म्हटलं, माई, शिक्षा मला कर, ह्याला ठेव. त्याची जीभ हलली. मी हुंदके देऊन रडले.

दवाखान्याच्या फाटकाशी आम्ही उतरलो आणि ट्रक गंगाखेडच्या रस्त्याला लागला. त्या बाईचं नावसुद्धा मी विचारलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी टाच टोचून रक्त पाहिलं. अंगातली साखर फार उतरली होती. "उपाशी ठेवलंत?" त्यांनी विचारलं. मी नवसाचं सांगितलं. त्यांनी साखरेचं सलाईन लावलं. मला वाटलं, आता अंगावरचं बंद करायला लावतील. पण त्या म्हणाल्या, "पाजणं थांबवायचं नाही. दर दोन तासांनी, झोपलं तरी उठवून पाजा. छातीशी ऊबेत ठेवा." दिवेलागणीला पोर असं खणखणीत रडलं की शेजारच्या खाटेवरची बाईही हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक शेजारणींकडून कळल्यावर दवाखान्यात आले. अडकत, पायी चालत आले होते. तांब्या मात्र भरलेला. अपराध्यासारखे उभे राहिले. "उशीर झाला. पाजलं का काही त्येला?"

मी तांब्या घेतला. इतकी वर्षं मी देवापुढं हात जोडत होते, पण माझ्या अटी सोडत नव्हते. हे मला त्या ट्रकमध्ये समजलं. गंगामाईला तांब्यातूनच यायला पाहिजे, हा हट्ट माझा होता. ती तर गोधडी घेऊन आधीच येऊन गेली होती.

सुमनच्या छातीशी बाळ चुटूचुटू पीत होतं. मी तिच्या पायाला हात लावला. ती ओरडली, "आई, काय करायलीस?" मी तांब्या तिच्या ओठाला लावला.

"तू पी," म्हटलं, "तुझ्यातून त्येला मिळंल."