खेमराजचे दोन हिटर

वैनगंगेवरून आलेलं धुकं गल्लीत असं दाटलं होतं, की खेमराजला आपल्याच ताण्याचं, लांब ताणून बांधलेल्या सुतांचं, दुसरं टोक दिसत नव्हतं. पण पाजणीला, सुताला खळ पाजायला, सकाळच लागते. ऊन तापलं की खळ सुतावर पसरायच्या आधीच वाळते. चुलाण्यावर तांदळाची खळ शिजवून तो ताण्यावर कुंचा फिरवत होता. जीव मात्र घरातल्या काचेच्या पेटीत अडकलेला. तिच्यात दोन एंजल मासे होते.

मागच्या हिवाळ्यात, म्हणजे ऐंशी साली, त्याचे सगळे मासे गारठून मेले. समोरचा नंदलाल तेव्हा गल्लीभर सांगत फिरला, की खेमराजनं मांजरीसाठी मासे पोसले. यंदा एकही मरू द्यायचा नाही, असं खेमराजनं मनाशी धरलं होतं. नागपूरचा दुकानदार म्हणाला, मोठा एक हिटर घेऊ नका, छोटे दोन घ्या. एक बिघडला तरी दुसरा राहतो. खेमराजला ते फार पटलं. घरी खोके उघडताच बायको शोभाताईनं विचारलं, "अन् लाइन गेली त मंग?"

आज पहाटेच लाइन गेली. दोन्ही हिटर थंडगार, मासे तळाशी निपचित. गरम बाटली पाण्यात सोडावी, हे त्याला सुचलं. पण बाटलीत त्यानं पाणी नाही, खळ भरली. खळ पाण्याहून जास्त वेळ ऊन राहते, हे विणकराला कोणी सांगावं लागत नाही. खळीनं बुळबुळीत झालेलं बूच पेटीत निसटलं, अन् सगळं पाणी दुधासारखं झालं.

शोभाताईनं धावत येऊन मासे कोमट पाण्याच्या गंजात, खोलगट पातेल्यात, घेतले. आरडाओरडा ऐकून नंदलाल दारात आला.

"काय खेमराजभाऊ, मासोळीची पाजणी करून राहिले का?"

खेमराजनं पेटी रिकामी करून घासली. तेवढ्यात लाइन आली. हिटरचं बटन चालूच होतं. कोरड्या पेटीत हिटरच्या दोन्ही काचेच्या नळ्या तापत राहिल्या. त्याला वाटलं, चला, आता निभावलं. त्यानं बादलीभर गार पाणी घाईनं ओतलं. तडतड आवाज झाला. दोन्ही नळ्या एकदमच फुटल्या. शोभाताईनं झटकन बटन बंद केलं.

खेमराजनं फुटलेल्या नळ्या बाहेर काढल्या. "एक बिघडला त दुसरा राहते म्हने तो दुकानदार," एवढंच तो पुटपुटला.

गंजात मासे कल्ले हलवत होते. शोभाताईनं गंज उचलून चुलीशेजारी ठेवला.

"थंडी सरेपावेतो राहू द्या इथंच. चूल काई लाइनीवर चालत नाही. तुमी जा जी, ताणा वाळून राहिला."

बाहेर धुकं फाटलं होतं. सुतं एकमेकांना चिकटून कडक झाली होती. चिकटलेली सुतं मोकळी करायला खेमराजनं कुंचा पाण्यात बुडवला आणि पहिल्या टोकापासून पुन्हा सुरुवात केली.