पुस्तकात ह्या नाय

आमच्या गावात रवळनाथासमोर गाऱ्हाणं घालायचा मान आबा परबांचा. हातात नारळ धरून, डोळे मिटून ते देवाला गावाची सगळी हकिकत सांगत आणि आम्ही मागून 'व्हय म्हाराजा' म्हणत असू. गाऱ्हाणं आटपलं की आबा देवळाच्या पायरीवर टेकत, शर्टाच्या आतून एक जाडजूड पुस्तक बाहेर काढत आणि वाचायला लागत. थोड्या वेळाने त्यांचे खांदे हलायला लागत. नवख्या माणसाला वाटे, म्हातारा भक्तीने गहिवरलाय. म्हातारा हसत असे.

पुस्तकाचं नाव 'देवचाराची बदली'. देवचार म्हणजे गावची वेस राखणारा. घोंगडी पांघरून, काठी आपटत रात्री फेरी मारतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. कादंबरीतला देवचार या रात्रपाळीला कंटाळतो आणि मुंबईला बदली मिळावी म्हणून देवाकडे अर्ज करतो. त्याचं वकीलपत्र घेतो एक रेडा, जो वकिलीच्या शेवटच्या परीक्षेत नापास झालेला आहे. मग अख्खी कादंबरी हा खटला चालतो आणि निकाल काही लागत नाही.

आबा माझ्या वडलांचे चुलतभाऊ. कट्ट्याला बस थांबते तिथं माझं हार्डवेअरचं दुकान आहे, तिथं ते रोज येत. नात्यासाठी नव्हे, गिऱ्हाइकांसाठी. "बदली वाचलंस?" असं ते आलेल्याला विचारत. नाही म्हणाला की खिळे न्यायला आलेला माणूस पहिला अध्याय ऐकूनच सुटे. काहीजण खिळे विसरून जात. दुकान अजून चालू आहे ते रवळनाथाच्या कृपेने, आबांच्या नव्हे.

एकदा एका गिऱ्हाइकाने त्यांना हटकलं. म्हणाला, "आबानू, तुमी देवाक गाऱ्हाणा घालतास आणि देवचाराची टिंगल वाचतास. तेका राग येयत नाय?"

आबा गंभीरपणे म्हणाले, "तेची अडचण मी इचारलंय. रात्रभर फिरता, कोण तेच्याशी बोलना नाय. आपल्यार कोणीतरी पुस्तक लिवला, ह्येचाच तेका कवतिक आसा."

त्या माणसाने खिळे घेतले आणि पुस्तकही वाचायला मागून नेलं.

आबांचा जीव होता तो रेड्यावर. काकी, म्हणजे आबांची बायको, आजारपणात अंथरुणाला खिळली तेव्हा आबा तिला ही कादंबरी वाचून दाखवत. रेडा न्यायाधीशालाच उलटतपासणीला उभा करतो त्या ठिकाणी काकी इतकी हसली, की तिला ठसका लागला आणि पाणी पाजावं लागलं. त्यानंतर ती फारशी शुद्धीवर आली नाही. आबा हे सांगत तेव्हा आवाजात काही फरक पडत नसे. "ती शेवटची हसली ती रेड्याक," म्हणत, आणि चहा पीत.

तर या कादंबरीवर वेब सिरीज निघणार, अशी बातमी आली. वाचकांचा मोबाइलवर एक ग्रुप होता, त्यात आबाही होते. तिथं रोज महाभारत. देवचाराचं काम करणारा नट व्यायामशाळेत वाढलेला, त्याच्या दंडावर कादंबरीतला देवचार घोंगडीसकट झोपला असता. कुणी सिरीजवर बहिष्कार टाकला, कुणी निषेध नोंदवला, कुणी ग्रुप सोडून लगेच परत आला. आबा एकच ओळ टाकत, 'रेडो कोण करता?' उत्तर कुणालाच ठाऊक नव्हतं.

आणि शूटिंग आमच्याच गावात ठरलं. थोडं वालावलच्या तळ्यावर, बाकी सगळं आमच्या देवळाच्या आवारात. दिग्दर्शिका तरुण, बोलायला गोड. कुणीतरी तिला सांगितलं होतं, की गाऱ्हाणं घातल्याशिवाय इथं कामाला हात लावायचा नाही. ती नारळ घेऊन आबांच्या ओसरीवर आली. मी तिथंच होतो.

आबांनी तिला पाणी दिलं आणि विचारलं, "रेडा कोण करतंय?" परक्या माणसाशी ते शुद्ध बोलत.

"रेडा नाही घेतलाय आबा," ती म्हणाली. "बोलणारं जनावर पडद्यावर बालिश वाटतं."

"आणि देवचार बोलतो ते?"

"तो हिरो आहे ना."

आबांनी नारळ ठेवून घेतला. उद्या सकाळी या म्हणाले. ती गेल्यावर मात्र ते तसेच बसून राहिले, जेवायला उठेनात. मी म्हटलं, "नाय सांगा तेंका. दुसरो कोणय गाऱ्हाणा घालीत."

"नारळ घेवन इल्ल्याक नाय म्हणाची रीत नाय," आबा म्हणाले. "आणि देवाफुडे खोटा बोलाची पण नाय. माका ता काम बरा होवचा असा वाटना नाय रे. बरा होवंदे असा तोंडान कसा सांगू? तिका काय वाटात?"

तिका म्हणजे काकीला, हे मला कळलं. आयुष्यभर या माणसाने देवाला दुसऱ्यांची कामं सांगितली होती. स्वतःचं मन आड येण्याची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती.

सकाळी सगळी मंडळी देवळात जमली. मुंबईची पोरं चपला काढून मागे ओळीत उभी. आबांनी डोळे मिटले.

"बा देवा रवळनाथा, बारा वहिवाटीच्या म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आज ही मुंबयची लेकरां तुझ्या दारात नारळ घेवन इली हत. तेंका एक पुस्तक गावला. पुस्तक सोन्यासारख्या."

"व्हय म्हाराजा."

"तेतूरलो रेडो तेंनी काढून टाकल्यानी. कित्याक, ता तेंका म्हायत. माका पटूक नाय."

"व्हय म्हाराजा," मुंबईची पोरंही म्हणाली. दिग्दर्शिका सगळ्यांत मोठ्याने.

"पण पोटासाठी इली हत. तेंका सांभाळ. तेंच्या यंत्रांका सांभाळ. आणि जेंनी जेंनी ता पुस्तक जिवापाड वाचल्यानी, तेंका ह्या बघूची ताकद दी."

"व्हय म्हाराजा."

"काय चुकला-माकला तर पदरात घे. आणि रेड्याचो इसर कोणाक पडू देव नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

आबांनी नारळ वाढवला, प्रसाद वाटला आणि घरी जाऊन पोटभर जेवले. कॅमेरा चालू होता, हे आम्हाला कुणाला माहीत नव्हतं.

सिरीज आली तेव्हा आबांच्या ओसरीवर अर्धा गाव जमला. पहिल्याच भागात गाऱ्हाणं. अख्खं, एक शब्द न गाळता. बायामाणसांनी टाळ्या वाजवल्या. आबा पडद्यावरच्या आबांकडे परक्यासारखे बघत राहिले आणि म्हणाले, "पुस्तकात ह्या नाय."

बाकी सिरीजची वाचकांनी सालटी काढली. देवचार गाण्यात नाचतो काय, त्याला मैत्रीण आहे काय. पण गाऱ्हाण्याच्या प्रसंगावर सगळ्यांचं एकमत. 'एवढा एकच प्रसंग कादंबरीशी प्रामाणिक', असं ग्रुपवर लिहून आलं, आणि मान्यवर वाचकांनी त्याला दुजोरा दिला. आबांनी तिथं खुलासा टाकला, की हा प्रसंग कादंबरीत कुठेच नाही. त्यांना उत्तर आलं, 'काका, आधी पुस्तक वाचा.'

आबांनी दिग्दर्शिकेला फोन लावला. "मला काढा त्यातून."

"अहो आबा, लोकांना तेवढंच आवडलंय."

"म्हणूनच सांगतोय. पोरं चुकीचं शिकतील."

ती हसली, काढलं मात्र नाही.

मग एके दिवशी दुकानात बसलेले असताना आबांना खुद्द लेखकाचा फोन आला. वयाने आबांच्याच बरोबरीचे असावेत. नवी आवृत्ती निघतेय, तुमचं गाऱ्हाणं त्यात घालू का, असं विचारत होते. दुसरा कुणी असता तर हुरळला असता. आबा म्हणाले, "पुस्तकात हात घालू नका."

"पुस्तक माझं आहे हो."

"होतं. छापलंत तेव्हाच तुमच्या हातून सुटलं."

लेखक म्हणाले, की शेवटच्या अध्यायात रेडा हरवतो, देवचार त्याला शोधत वेशीवर येतो आणि तिथं हे गाऱ्हाणं घालतो, असं मनात आहे. आबांनी शर्टाच्या आतून पुस्तक काढून शेवटचं पान उघडलं आणि म्हणाले, "शब्द बदलू नका."

लेखकांनी अर्थातच बदलले. नवी आवृत्ती आली तेव्हा आबा दुकानात पेन्सिल घेऊन बसले. "मी असा म्हणूक नाय. ह्याय म्हणूक नाय. 'विस्मरण' खंयसून इला? माझ्या बापाशीन कधी विस्मरण म्हटला नाय." पान उलटलं आणि पेन्सिल थांबली. देवचाराचं गाऱ्हाणं संपतं, मागे उभं राहून साथ द्यायला कुणीच नसतं, आणि अंधारातून एकट्या रेड्याचा आवाज येतो, 'व्हय म्हाराजा.'

आबांनी चष्मा काढला. "ह्या तिणा ऐकूक होया होता," म्हणाले. त्या दिवशी चहा प्यायले नाहीत.

पुढच्याच वर्षी आबा गेले आणि गाऱ्हाण्याचा मान माझ्याकडे आला. खिळे विकणारा माणूस मी, माझी जीभ जड. जत्रेला हल्ली सिरीज बघून, पुस्तक वाचून लांबून माणसं येतात. यंदा गाऱ्हाणं घातलं, नारळ वाढवायला वाकलो, तेवढ्यात पुण्याहून आलेली एक बाई नवी आवृत्ती हातात धरून पुढे झाली. फार अदबीने म्हणाली, "काका, छान झालं, पण हे असं नाहीये. पुस्तकात वेगळं आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. देव आमचा, गाव आमचा, गाऱ्हाणं आमच्या वाडवडलांचं. मी तोंड उघडलं आणि एकदम लक्षात आलं, की आबा असते तर त्यांनी हिला जवळ बसवून घेतलं असतं.

"वाच गो बाय," मी म्हटलं.

ती पुणेरी सुरात मालवणी वाचायला लागली. नको तिथं थांबत होती, 'विस्मरण' ठासून म्हणत होती. तरी दर वाक्याला गाव 'व्हय म्हाराजा' म्हणत होता. रेड्याला विसरू नका, अशी ओळ आली तेव्हा तर म्हातारेकोतारेसुद्धा म्हणाले. मला एकट्यालाच म्हणता आलं नाही. मी वाकलो आणि राहिलेला नारळ वाढवला.