मुकुंदची लांबलेली रजा

नोकरीवाल्यांकडे बॉसचे किस्से असतात, आणि नोकरी सोडलेल्यांकडे ती का सोडली त्याचे. आमच्या मलकपेठच्या रविवारच्या चहा-मंडळात ही दुसरी जमात इतकी वाढलीय, की पगारावर उरलोय मी एकटाच. त्यामुळे मला भारी कुतूहल! एकेकाला चहा पाजून विचारतो, तुला धंद्याची बुद्धी झाली कुठून? स्वप्न, जिद्द वगैरे मोठे शब्द अजून कुणाच्या तोंडून ऐकले नाहीत.

*

शिल्पा पुण्याची, आयटीतली. ऑफिसच्या पॉटलकला तिने पुरणपोळ्या नेल्या. पुढच्या अप्रेझलमध्ये मॅनेजर तिच्या प्रोजेक्टवर दोन वाक्यं बोलला आणि उरलेला वेळ पोळीवर! ती आठवडाभर धुमसली आणि राजीनामा देऊन मोकळी झाली. आता दिलसुखनगरात तिचं किचन आहे. तेलुगू गिऱ्हाइकं तिच्या पोळ्यांना भक्षालू म्हणतात आणि डझनाने नेतात. तो मॅनेजरही नेतो. त्याला डिस्काउंट नाही.

*

सिकंदराबादच्या अजितची बदली निघाली गुवाहाटीला. आई म्हणाली, तू जा, मी इथेच. बायको म्हणाली, मग मीही आईंजवळ. सासू-सुनेचं लग्नानंतर पहिल्यांदाच एकमत झालं! अजितने नोकरी सोडून प्लायवुडचं दुकान टाकलं. लोक त्याला धाडसी म्हणतात.

"धाडस कसलं? त्या दोघींपुढे बोलायचं धाडस झालं नाही, म्हणून तर दुकान!"

*

मग चहावाल्या पाशाभाईंनाच विचारलं. ते बशी पुसत म्हणाले, "हमारे कू कौन पूछा साब? अब्बा उठे, हम बैठे."

*

राहता राहिला मुकुंद. घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, सरकारी नोकरीतलं. फायली पुढे सरकवायचा कंटाळा आला म्हणून त्याने शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान काढलं. बंद मशीन चालू झालेलं डोळ्यांना दिसतं, म्हणतो. पण त्याच्या वडिलांना, नानांना, हे चारचौघांत सांगवेना. लग्नाकार्यात कुणी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "मुकुंद सध्या रजेवर आहे." एका बारशाला कुलकर्णी काकूंनाही त्यांनी हेच ऐकवलं. तीन वर्षं रजा! एवढी तर सरकारही देत नाही.

आम्ही हसायचो. मुकुंद हसायचा नाही. एकदा मला म्हणाला, "गिऱ्हाईक नाही आलं तरी चालेल रे. नानांनी एकदा दुकानाची पायरी चढावी." ऐकून मला वाईट वाटलं.

परवा मुकुंद तापाने फणफणला होता. दुकान बंदच असणार म्हणून मी सरळ पुढे निघालो, तर शटर वर! आत नाना. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. मुकुंदची खुर्ची रिकामी ठेवून गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसलेले. तेवढ्यात कुलकर्णी काकू मशीन घेऊन आल्या. नानांना तिथे बघून त्या चाटच पडल्या. मुकुंद कुठाय, म्हणून विचारलं.

नाना उठून उभे राहिले.

"साहेब आज रजेवर आहेत."